दुसरा पूल पहिल्यापेक्षा चांगला का झाला?

प्रश्न: मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. यंदा मुलांना इंजिनिअरिंग डिझाइन प्रोसेस प्रत्यक्ष प्रोजेक्टमधून शिकवायची ठरवली आहे. समस्या समजून घेणं, कल्पना, आराखडा, प्रोटोटाइप (चाचणीसाठी बनवलेली कच्ची वस्तू), चाचणी, सुधारणा हे टप्पे मुलांना तोंडपाठ आहेत. पण प्रत्यक्षात ती एक वस्तू बनवतात, रंगवतात आणि ‘झालं, बाई’ म्हणून मोकळी होतात. सुधारा म्हटलं की चेहरे पडतात. वर्गात ४० मुलं आणि ४० मिनिटांचा तास. सुरुवात कुठून करू? आणि मार्क कशाला देऊ?

उत्तर:

आधी तुमचं वेळापत्रक काढून बघा. साधारण असं घडतं: प्रोजेक्टला पाच तास मिळतात, त्यातले चार बनवण्यात जातात, पाचव्या तासाला घाईघाईत चाचणी होते, घंटा वाजते आणि ‘सुधारणा’ फळ्यावरच राहते. मुलं यातून अगदी बरोबर अर्थ काढतात. मार्क पहिल्याच वस्तूला मिळणार असतील तर ती मोडायची कशाला? रंगवून जपून ठेवलेलीच बरी.

म्हणून माझा मुख्य सल्ला एवढाच की प्रोजेक्ट शेवटाकडून आखा. दुसऱ्या प्रयत्नाचा वेळ आणि साहित्य आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात पहिला प्रयत्न बसवा. पहिली वस्तू झटपट, ओबडधोबड आणि मोडायच्या तयारीनेच बनू द्या. डिझाइन म्हणजे काय हे मुलाला उमगतं ते पहिली वस्तू का मोडली हे डोळ्यांनी पाहून दुसरी बनवताना. खाली जे लिहितेय ते सगळं हे वर्गात जमवायचं कसं, याबद्दलच आहे.

टप्प्यांच्या संख्येची चिंता सोडून द्या. कुठे पाच टप्पे दिलेले असतात, कुठे सात, कुठे गोल बाणांचं चित्र. अमेरिकेत २०१३ साली आलेल्या ‘नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स’मध्ये इंजिनिअरिंग डिझाइनचे तीनच भाग केले आहेत: समस्या नेमकी मांडणं, उपाय शोधून तपासणं आणि हाती आलेला उपाय चाचण्यांच्या आधारे आणखी चांगला करत नेणं. मलाही वर्गात हे तीन पुरतात. मुलं त्यांत मागे-पुढे उड्या मारणारच. चाचणी घेताना समस्याच नीट मांडली नव्हती असं लक्षात आलं आणि गट पुन्हा पहिल्या पानावर गेला, तर त्यांना अडवू नका.

समस्या कशी निवडायची

सगळ्यात जास्त विचार इथे करा. चांगल्या समस्येत चार गोष्टी असतात. चाचणी दोन-तीन मिनिटांत होते. निकाल आकड्यात येतो. वस्तू फसली तर का फसली हे डोळ्यांना दिसतं. आणि नवी वस्तू एका तासात बनते. यांतली चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच सुटते.

याचं एक फार बोलकं उदाहरण विमानाच्या इतिहासात आहे. १९५९ साली हेन्री क्रेमर या ब्रिटिश उद्योगपतीने माणसाच्या पायांच्या ताकदीवर उडणाऱ्या विमानासाठी बक्षीस जाहीर केलं. अर्धा मैल अंतरावरच्या दोन खांबांभोवती इंग्रजी आठच्या आकारात उडून दाखवायचं होतं. अनेक संघांनी सुबक, देखणी विमानं बांधली, पण एकदा आपटलं की दुरुस्तीला महिनेच्या महिने जात. पॉल मॅकक्रेडी या अमेरिकन इंजिनिअरने वेगळा विचार केला. त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्या, तारा आणि पातळ प्लास्टिकचा पडदा वापरून असं विमान बांधलं, जे मोडलं तरी काही तासांत पुन्हा उभं राहील. त्यामुळे इतरांना वर्षभरात जेवढ्या चाचण्या जमत, तेवढ्या त्याला थोड्या दिवसांत घेता येऊ लागल्या. २३ ऑगस्ट १९७७ रोजी त्याच्या ‘गॉसामर काँडॉर’ने ते बक्षीस जिंकलं. खाली सांगितलेल्या कागदाच्या पुलाच्या पहिल्या चाचणीच्या आदल्या दिवशी ही गोष्ट मी मुलांना सांगते. दुसऱ्या दिवशी पूल कोसळला तरी कुणी रडत नाही.

या कसोट्या लावल्या की बरेच नेहमीचे प्रोजेक्ट गळून पडतात. ज्वालामुखी आणि सूर्यमाला ही मॉडेल्स आहेत, त्यांत सोडवायची समस्या नाही. सिरिंजचा हायड्रॉलिक (पाण्याच्या दाबावर हलणारा) हात मुलांना फार आवडतो, पण व्हिडिओ बघून जसाच्या तसा बनवला तर ती सूचना पाळण्याची कसरत होते. रोबोटचे तयार किट चांगले असतात, पण सुरुवातीला नकोत, कारण रोबोट अडला तर दोष चाकात आहे, तारेत की प्रोग्रॅममध्ये, हे सहावीच्या मुलाला कळत नाही आणि ते हताश होतं. कागदाचा पूल, पॅराशूट, रबरबँडची गाडी, पवनचक्कीची पाती, गरम पाणी गरम ठेवणारं भांडं: सुरुवातीला यांतलंच घ्या.

कागदाचा पूल, सहा तासांत

एक प्रोजेक्ट सविस्तर सांगते, म्हणजे बाकीच्यांचा अंदाज येईल.

दोन बाकांमध्ये २५ सेंटिमीटरची फट. चार ए-फोर कागद आणि ३० सेंटिमीटर मास्किंग टेप, एवढ्यात फटीवर पूल बांधायचा. पूल बाकाला चिकटवायचा नाही. मधोमध कागदी पेला ठेवून त्यात चमच्याने हळूहळू वाळू घालायची. पुलाने किती ग्रॅम पेललं ते मोजायचं.

यांतले आकडे विचार करून घेतलेले आहेत. ए-फोर कागदाची लांबी २९.७ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही टोकांना टेकायला जेमतेम सव्वादोन-अडीच सेंटिमीटर उरतात. पूल बसतो, पण सहज नाही. आणि ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, ए-फोर कागद बरोबर ५ ग्रॅम भरतो, कारण ए-झिरो कागदाचं क्षेत्रफळ १ चौरस मीटर असतं आणि ए-फोर त्याचा सोळावा भाग. पुलात किती कागद लागले हे मोजलं की पुलाचं वजन काट्याशिवाय कळतं, आणि ‘पेललेलं वजन भागिले पुलाचं वजन’ हा आकडा सहावीतलं मूलही काढू शकतं. मग तीनच कागदांत काम भागवणाऱ्या गटालाही न्याय मिळतो.

प्रत्येक गटासाठी साहित्याची दोन पाकिटं करा. दुसरं पाकीट तुमच्या टेबलावर राहील. पहिला पूल मोडल्यावर आणि काय बदलणार हे कारणासकट लिहून दाखवल्यावरच ते मिळेल. ही एवढीशी व्यवस्था वर्गाचा नूर पालटते. पहिला पूल शेवटचा नाही, हे मुलांना शब्दांनी पटवावं लागत नाही, त्यांना ते पाकीट समोर दिसत असतं.

पहिला तास समस्येचा. कागदाला हात लावू देऊ नका. फळ्यावर नुसतं ‘पूल मजबूत हवा’ लिहा आणि प्रश्न येऊ द्या. मजबूत म्हणजे किती? पूल खाली झुकला पण पडला नाही, तर तो पास की नापास? किती वेळ टिकला तर ‘पेललं’ म्हणायचं? ही चर्चा मुलांना मनापासून करू द्या, कारण निकष आणि मर्यादा यांतला फरक व्याख्येपेक्षा इथे लवकर कळतो. ‘जास्तीत जास्त वजन पेललं पाहिजे’ हा निकष आणि ‘चारच कागद’ ही मर्यादा. वर्ग बहुधा ‘दहा सेकंद टिकलं पाहिजे आणि तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त झुकता कामा नये’ अशा काही नियमावर येतो. नियम त्यांचा असला की पुढे चाचणीच्या वेळी भांडणं कमी होतात.

दुसरा तास कल्पनांचा. पहिली दहा मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, न बोलता, तीन वेगवेगळ्या पुलांची चित्रं काढायची. त्यानंतरच गट. आधीच गटात बसवलं की सगळ्यात मोठ्या आवाजाच्या मुलाची कल्पना पुढे रेटली जाते.

आणि कृपा करून नमुना दाखवू नका. तयार पूल नको, मागच्या वर्षीचा फोटोही नको. १९९१ साली डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांवर आणि व्यावसायिक डिझायनरांवर यासंबंधी प्रयोग केले होते. त्यातलं एक काम होतं न सांडणारा कॉफीचा कप डिझाइन करणं. काही जणांना नमुन्याचं चित्र दिलं, त्या चित्रातल्या कपाला स्ट्रॉ होती. स्ट्रॉ वापरायची नाही असं सूचनेत स्पष्ट लिहिलेलं होतं, तरी नमुना पाहिलेल्यांच्या अनेक आराखड्यांत ती आलीच. शिकलेल्या माणसांचं हे होतं, तर बारा वर्षांच्या मुलांचं काय होणार? नमुन्याऐवजी साहित्याशी खेळायला द्या. एक रद्दी कागद घ्या, चुरगाळा, गुंडाळा, घड्या घाला आणि कधी ताठ राहतो ते बघा. यातून सुचलेल्या कल्पना मुलांच्या स्वतःच्या असतात.

तिसऱ्या तासात पहिला पूल. वेळ २५ मिनिटं, एक मिनिटही जास्त नाही. रंग, चमकी, झेंडे काही नको. सजवलेली वस्तू मोडायला मुलांचा जीव होत नाही. उरलेल्या वेळात प्रत्येकाने अंदाज लिहायचा: आमचा पूल अमुक इतके ग्रॅम पेलेल आणि मोडला तर तमुक जागी मोडेल. हा अंदाज लिहून घेतल्याशिवाय चाचणी करू नका. अंदाज चुकला की ‘असं कसं झालं?’ हा प्रश्न मुलाच्या मनात आपोआप उभा राहतो. तो तुम्ही विचारलात तर त्याचं वजन राहत नाही.

चौथा तास चाचणीचा. चाळीस मुलांचे तिघा-चौघांचे बारा गट होतात. एका टेबलावर सगळ्यांची चाचणी बसणार नाही, म्हणून तीन टेबलं मांडा. एक गट पूल ठेवतो, दुसरा वाळू घालतो, तिसरा वजन आणि निरीक्षण लिहितो, मग आळीपाळी. शक्य असेल तर मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या, बाजूने, पुलाच्या पातळीवर कॅमेरा ठेवून. पूल कोसळतो तो क्षण नुसत्या डोळ्यांना सापडत नाही. व्हिडिओत मात्र आधी काय हललं हे स्पष्ट दिसतं.

या तासात तुम्ही एकच वाक्य सतत वापरायचं: ‘नेमकं कुठून गेला?’ कागदाचे पूल ठरावीक तऱ्हांनी मोडतात. वरच्या बाजूला सुरकुती पडून घडी बसते, म्हणजे वरचा भाग दाबला जाऊन वाकला. उभ्या घड्या दोन्ही बाजूंना फाकतात आणि पूल सपाट होतो. गुंडाळलेल्या नळ्या एकमेकींपासून सुटून गोल फिरतात आणि पेला घसरतो. किंवा पुलाला काहीच होत नाही, पण टोक बाकावरून निसटतं. प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. वरून दाबला गेला असेल तर उंची वाढवणं किंवा वरचा थर दुहेरी करणं. फाकला असेल तर घड्यांच्या खाली सपाट कागद चिकटवून त्या जागेवर धरणं. फिरला असेल तर नळ्या एकत्र बांधणं. निसटला असेल तर टेकणाऱ्या टोकांचा विचार करणं. हे उपाय तुम्ही सांगू नका, फळ्यावर फक्त मोडण्याच्या तऱ्हांची चित्रं काढा आणि कोणत्या गटाचा पूल कुठल्या चित्रासारखा मोडला ते त्यांना लिहायला लावा.

विज्ञान शिकवायची खरी वेळ ही आहे, पहिल्या पुलानंतर आणि दुसऱ्याच्या आधी. एक लाकडी पट्टी घ्या, ३ सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड. आडवी धरून मधे दाबा, सहज वाकते. तीच उभ्या कडेवर धरून दाबा, हलतही नाही. लाकूड तेच, वजन तेच. वाकण्याला होणारा विरोध रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून या पट्टीत तो शंभरपट होतो. आठवीला हे गणित करून दाखवा, सहावीला पट्टी हातात द्या, पुरे. ज्यांचा सपाट पूल नुकताच कोसळला आहे, ती मुलं हे ज्या लक्षाने बघतात, ते पहिल्या दिवशी दाखवलं असतं तर बघितलं नसतं.

पाचव्या तासात दुसरं पाकीट, पण आधी तीन ओळी. काय दिसलं, त्यावरून काय वाटतं, म्हणून काय बदलणार. इथे जरा ताणून धरा. संवाद साधारण असा होतो:

‘बाई, आम्ही टेप जास्त लावणार.’

‘कुठे?’

‘सगळीकडे.’

‘तुमचा पूल कुठून गेला होता?’

‘मधून. घड्या उघडल्या.’

‘मग टोकांना टेप लावून काय होईल?’

थोडा वेळ शांतता. मग गटातलंच कुणीतरी म्हणतं, ‘घड्या खालून बांधायला पाहिजेत. मधल्या भागातच.’ आता पाकीट द्या. ‘मजबूत करू’, ‘नीट बनवू’, ‘जाड करू’ या उत्तरांवर पाकीट द्यायचं नाही, हे सगळ्या गटांना सारखंच लागू ठेवा. पहिल्या प्रोजेक्टला मुलं कुरकुरतात. पुढच्या प्रोजेक्टला ती स्वतःहून मोडलेली वस्तू घेऊन येतात आणि ‘हे बघा, इथून’ असं दाखवतात.

सहाव्या तासात दुसरी चाचणी आणि तुलना. फळ्यावर सगळ्यांचे दोन-दोन आकडे लिहा, पहिला पूल आणि दुसरा पूल. क्रमांक काढू नका. प्रत्येक गटाची स्पर्धा स्वतःच्या पहिल्या पुलाशी. नंतर सगळे तक्ते एकत्र पाहून वर्गाला विचारा की चांगल्या चाललेल्या पुलांमध्ये सारखं काय आहे, आणि दोन पुलांतल्या चांगल्या गोष्टी एकत्र केल्या तर तिसरा कसा दिसेल. तो प्रत्यक्ष बांधायला वेळ नसला तर चित्र काढलं तरी चालेल.

आठवीसाठी फट २५ वरून ३५ सेंटिमीटर करा. आता सरळ ठेवलेला एक कागद पुरत नाही, बहुधा जोड द्यावा लागतो, आणि सगळा प्रश्न जोडाचा होतो. साहित्य तेच, पण समस्या पार बदलते.

एका वेळी एकच बदल आणि आकड्यांवर विश्वास

पुलात मुलं दोन-तीन गोष्टी एकदम बदलतात. पहिल्या प्रोजेक्टमध्ये ते मी चालू देते. पण मग कशामुळे फरक पडला हे सांगता येत नाही, आणि तो प्रश्न त्यांना एकदा तरी बोचला पाहिजे. दुसरा प्रोजेक्ट म्हणून पॅराशूट घ्या. तिथे एका वेळी एकच गोष्ट बदलणं सोपं आहे: कापडाचा आकार, दोऱ्यांची लांबी, मध्यभागी भोक आहे की नाही. मधल्या भोकाची गंमत मुलांना हमखास चकित करते. हवा अडवायची असताना भोक कशाला, असं वाटतं. पण भोक नसेल तर साठलेली हवा एकदा या कडेने, एकदा त्या कडेने निसटते आणि पॅराशूट झोके खात येतं. छोटं भोक ठेवलं की ते सरळ उतरतं. भोक वाढवत नेलं तर कुठेतरी तोटा सुरू होतो. तो कुठे, हे चाचणीनेच सापडतं.

पॅराशूटमध्ये मोजमापाचाही चांगला धडा आहे. २ मीटरवरून सोडलेला दगड ०.६४ सेकंदात खाली येतो. छोट्या पॅराशूटला त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. आणि स्टॉपवॉच दाबणाऱ्या हाताचा उशीर साधारण ०.२ सेकंदाचा असतो, सुरू करताना आणि थांबवताना दोन्ही वेळा. म्हणजे दोन पॅराशूटमधला फरक आणि हाताची चूक जवळपास सारखीच. मुलांना हे आधी सांगू नका. एकाच पॅराशूटची वेळ पाच जणांना एकाच वेळी मोजू द्या आणि पाचही आकडे फळ्यावर लिहा. मग उपाय तीच काढतात: जास्त उंचीवरून सोडू या, पाच वेळा सोडून चढत्या क्रमातला मधला आकडा घेऊ या, व्हिडिओ काढून फ्रेम मोजू या. सेकंदाला ३० फ्रेमचा साधा व्हिडिओसुद्धा हातापेक्षा कितीतरी अचूक पडतो. उंचावरून सोडायचं असेल तर सोडणारी व्यक्ती मोठी हवी, मुलं खालीच.

इथे राइट बंधूंची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९०१ साली त्यांच्या ग्लायडरला, म्हणजे इंजिन नसलेल्या विमानाला, वर उचलणारी हवेची ताकद हिशेबापेक्षा फारच कमी मिळाली. त्यांनी लगेच आणखी एक मोठा ग्लायडर बांधला नाही. जवळपास सहा फूट लांबीची लाकडी पेटी घेऊन वाऱ्याचा बोगदा बनवला आणि पंखांचे सुमारे दोनशे छोटे नमुने त्यात तपासले. त्या आकड्यांवर बेतलेला १९०२ चा ग्लायडर नीट उडाला आणि डिसेंबर १९०३ मध्ये इंजिनचं विमान. मुलांच्या डोक्यात शोधक म्हणजे एकदम काहीतरी सुचणारा माणूस असं चित्र असतं. दोनशे छोटे पंख एकेक करून मोजणाऱ्या दोन भावांचं चित्र त्यापेक्षा खरं आहे.

वही आणि मार्क

प्रत्येकाची स्वतःची वही, गटाची एक नव्हे. पेनने लिहायचं, खोडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारायची, म्हणजे आधीचा विचार खाली दिसत राहतो. चित्रावर मापं आणि साहित्याची नावं हवीत. शुद्धलेखनाचे मार्क कापू नका, नाहीतर मुलं घरी जाऊन सुबक प्रत लिहून आणतात आणि खरा विचार कच्च्या कागदाबरोबर केराच्या टोपलीत जातो.

मार्कांबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलंय, तर माझी वाटणी सांगते. २० पैकी समस्या आणि निकष नेमके मांडण्याला ४, एकमेकांपासून खरोखर वेगळ्या कल्पनांना ४, चाचणीच्या नोंदीला ४, कारण देऊन केलेल्या बदलाला ६ आणि वस्तू किती चालली याला २. हे मुलांना पहिल्याच तासाला सांगा. दोन मार्क बघून मुलं आश्चर्याने विचारतात, म्हणजे पूल पडला तरी १८ मिळू शकतात? हो, मिळू शकतात. दुसऱ्या पुलाने पहिल्यापेक्षा कमी वजन पेललं, पण गटाने घड्यांची उंची वाढवली, उंच घड्या लवकर कलंडल्या आणि हे त्यांनी पाहून लिहिलं, तर सहापैकी सहा द्या. उलट पहिल्याच झटक्यात वर्गात सगळ्यात जास्त वजन पेलणारा पूल झाला आणि का झाला हे कुणालाच सांगता आलं नाही, तर त्या गटाला एक कागद कमी द्या आणि पुन्हा बांधायला लावा. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांना याची गरज जास्त असते. त्यांना पहिल्यांदाच बरोबर येण्याची सवय असते आणि न आलं की ती हात आखडता घेतात.

गट, हात आणि तुमचे हात

गटात कोण काय करतंय हे डोळ्यांत तेल घालून बघा. बहुतेक वर्गांत कात्री आणि स्क्रू ड्रायव्हर मुलांच्या हातात जातात आणि वही व रंग मुलींच्या. कुणी मुद्दाम करत नाही, पण वर्षभर असंच चाललं तर मुलींनी काहीच बांधलेलं नसतं. बांधणारा, मोजणारा, लिहिणारा ही कामं दर तासाला फिरवा आणि तशी यादी भिंतीवर लावा. ज्याची वाचन-लेखनाची गती कमी आहे अशा मुलाला या प्रोजेक्टमध्ये पहिल्यांदाच वर्ग ऐकून घेतो, असं मी खूपदा पाहिलंय. त्याचं निरीक्षण तोंडी घेऊन तुम्ही लिहून दिलंत तरी चालेल.

तुमचे हात खिशात. मुलाच्या वस्तूला हात लावून ‘असं धर’ म्हटलं की ती तुमची होते. फार अडलं तर प्रश्न विचारा किंवा त्याच अडचणीतून गेलेल्या दुसऱ्या गटाकडे पाठवा. अपवाद एकच, सुरक्षितता. कटर आणि ग्लू गन तुमच्या टेबलावर, तुमच्यासमोर, एका वेळी एक मूल. ताणलेला रबर आणि मोडणाऱ्या काड्या असतील तिथे डोळ्यांना संरक्षक चष्मा. पाणी गाळण्याचा प्रोजेक्ट घेतलात तर गाळलेलं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी प्यायचं नाही. जंतू दिसत नाहीत, हे त्याच वेळी शिकवून टाका.

वर्षभराचा क्रम

पूल आणि पॅराशूटनंतर उष्णता घ्या. सारखे पेले, ५० अंश सेल्सिअसचं पाणी तुम्ही स्वतः ओतायचं, दर दोन मिनिटांनी तापमान, आणि काहीही न गुंडाळलेला एक पेला तुलनेसाठी. मुलं बाजूंना कापूस, थर्माकोल, कागद जाडजूड गुंडाळतात आणि वरचं तोंड उघडं ठेवतात. मग आलेख काढल्यावर दिसतं की नुसतं झाकण ठेवलेला एखादा साधा पेला त्यांच्या पेल्याच्या पुढे आहे, कारण उघड्या पृष्ठभागावरून होणाऱ्या बाष्पीभवनाने पाणी फार उष्णता गमावतं. या चाचणीला वीस मिनिटं लागतात, म्हणून ही पहिल्यांदा घेऊ नका. वाट बघायला लागणाऱ्या चाचणीसाठी आधी नोंदी ठेवायची सवय लागलेली हवी.

आठवीच्या शेवटी समस्या मुलांना शोधू द्या, मात्र ती दुसऱ्या कुणाची तरी असावी. हात प्लास्टरमध्ये असलेल्या मैत्रिणीला दप्तर पाठीवर घेता येत नाही, गुडघे दुखणाऱ्या आजीला जमिनीवर पडलेली वस्तू उचलता येत नाही, अशा आकाराची. मुलांनी आधी त्या व्यक्तीशी बोलायचं आणि निकष तिच्याकडून घ्यायचे. ‘हलकं हवं’ हे मुलांना सुचतं, ‘कुणाचं लक्ष जाणार नाही असं हवं’ हे फक्त तीच सांगू शकते. प्रोटोटाइपची चाचणीही तिच्याच हातून व्हायला हवी आणि त्या वेळी बनवणाऱ्यांनी ‘असं नाही, तसं धर’ असं काही बोलायचं नाही. हात कुठे अडला, ती कुठे थांबली, काय उलटं धरलं, एवढंच लिहायचं. या प्रोजेक्टला सलग तीन आठवडे ठेवा आणि त्यांतला पूर्ण तिसरा आठवडा दुसऱ्या प्रोटोटाइपसाठी राखून ठेवा.